उठून गेलेल्यांचा वाटा

माझी वहिनी देवभोळी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. देवभोळ्या माणसांशी माझं दोन दिवस पटत नाही आणि वहिनीबरोबर मी एका छपराखाली एकतीस वर्षं काढली आहेत. देवाशी तिचं नातं चांगल्या शेजाऱ्याशी असतं तसं होतं. रोज संध्याकाळी सात वाजता त्याच्याशी दहा मिनिटं बोलायचं, उरलेल्या वेळात त्याला उगीच हाका मारायच्या नाहीत. परीक्षा, तब्येत, हरवलेली किल्ली असल्या कामांना तिने त्याला कधी जुंपलं नाही.

आमचं बाइंडिंगचं दुकान. पुढच्या खोलीत दुकान, मागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, आणि दुकान नि स्वयंपाकघर यांच्यामध्ये लाकडी फळ्यांची भिंत. ती इतकी पातळ की इकडे पुठ्ठा कापला की तिकडे कपबशा वाजायच्या. छापखान्यातून मोठाले कागद यायचे, त्यांना घड्या घातल्या की सोळा पानांचा एक गठ्ठा व्हायचा. त्याला आम्ही फर्मा म्हणतो. असे फर्मे क्रमाने एकावर एक ठेवायचे, शिवायचे, पाठीला खळ लावायची, कडा कापायच्या आणि पुठ्ठा चढवायचा, की झालं पुस्तक. घड्या घालणं आणि फर्मे क्रमाने लावणं माझं काम. शिलाई आणि पुढचं सगळं दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं.

मग दादाचं लग्न झालं आणि ही आली. महिन्याभरात शिलाई शिकली, दोन महिन्यांत दादापेक्षा सरळ टाके घालायला लागली. गिऱ्हाइकं विचारायची, "हे कुणी शिवलं?" आणि दादा कौतुकाने मागे बोट दाखवायचा. कानामागून आली आणि तिखट झाली! मी बारा वर्षं घड्या घालत होते, माझ्याकडे कुणी कधी बोट दाखवलं नव्हतं. मी तिच्याशी कामापुरतं बोलायचे. ती मात्र मला मुद्दाम "वन्सं" म्हणायची. आमच्या वेळीसुद्धा तो शब्द आजीच्या काळातला झाला होता, पण माझं तोंड वाकडं होतं हे तिने पहिल्या आठवड्यातच हेरलं होतं.

दुकानात एक बेवारशी फळी होती. दुरुस्तीला टाकलेली आणि कुणी न्यायलाच न आलेली पुस्तकं तिथे पडून असायची. त्यातलं एक जुनं प्रार्थनेचं पुस्तक वहिनीने उचललं. पाठ निखळलेली, शिलाई कुजलेली, पानं पिवळी. पुढे कितीतरी वर्षांनी मी तिला विचारलं, की तुझ्या माहेरी तर कुणी हातसुद्धा जोडत नव्हतं, तुला हे खूळ कुठून लागलं? ती म्हणाली, "नव्या घरात बोलायला कुणी नव्हतं, वन्सं. तुम्ही तर तोंडात खळ धरून बसायचात. मग म्हटलं, याच्याशी बोलून बघू." थोडक्यात, तिला देवाच्या दारी पोचवण्याचं पुण्य माझं.

ते पुस्तक दादाने तिच्यासाठी नव्याने बांधायला घेतलं. निळं कापड आणलं, कोपऱ्यांना चामडं लावायचं ठरवलं. फर्मे सुटे करून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "लावून दे." पुस्तक आधी दोनदा तरी बांधलं गेलं होतं आणि दर वेळी कडा कापताना पानांचे आकडेही कापले गेले होते. अशा पुस्तकाचा क्रम लावायचा तर एका फर्म्याची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली ओळ वाचून बघावी लागते. मी त्या दिवशी धुसफुसत होते. मला बारा वर्षांत एक साधी वही कुणी निळ्या कापडात बांधून दिली नव्हती. मी ओळींवरून नुसती नजर फिरवली, इकडे पूर्णविराम, तिकडे नवं वाक्य, बसतंय, असं म्हटलं आणि गठ्ठा दादाकडे सरकवला. माझ्या कामावर त्याने डोळे मिटून विश्वास ठेवला. नेहमीच ठेवायचा.

त्यानंतर तीस वर्षं वहिनी रोज सातला फळ्यांच्या पलीकडे त्या पुस्तकातली संध्याकाळची प्रार्थना म्हणत आली. दादा तेवढ्यापुरतं कटिंग मशीन थांबवायचा, कारण ते कुरकुरायचं. मी काही हात जोडले नाहीत, पण पुठ्ठे कापणं बंद ठेवून खळ ढवळत बसायचे. प्रार्थना अशी होती: "दिवस संपला. हातातलं काम आम्ही खाली ठेवतो. जे राहिलं ते उद्याच्या हवाली, आमची माणसं तुझ्या हवाली. या ताटाभोवती बसलेल्यांना तू ओळखतोस, उठून गेलेल्यांनाही तू ओळखतोस. जो आज आला नाही, त्याचा वाटा राखून ठेव." की लगेच ताटं वाढली जायची. त्यामुळे माझा भाचा, त्याला आम्ही घरात लाटसाहेब म्हणायचो, तो लहानपणी पाटावर वाट बघत बसायचा आणि शेवटची ओळ आली की बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "राखून ठेव!" भक्ती कसली, भूक लागलेली असायची. मोठा झाला, शीतगृहातली यंत्रं दुरुस्त करायला लागला, मिशी आली, तरी ती ओळ तो तशीच ओरडायचा. आईला चिडवायला.

दादा गेला तो दुकानातच. दुपारी शिलाईची चौकट ओढून घेतली, दोरा ओवला आणि टेबलावर डोकं टेकलं. मला वाटलं, झोप लागली. सुई त्याच्या चिमटीत तशीच होती.

त्यानंतर सात महिन्यांनी लाटसाहेबाला ताप आला. चार दिवसांचा ताप. पहिल्या दिवशी तो "आई, उद्या कामावर जाणार" म्हणत होता आणि पाचव्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्याच्या लांब बाकावर त्याचे बूट मांडीवर घेऊन बसलो होतो. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, पण ती म्हण मला तेव्हा फार लहान वाटली. सत्तावीस वर्षांचा होता. मी त्याची आत्या, माझं लग्न झालं नाही, मूल नाही, जे काही होतं ते तोच होता.

आणि त्या संध्याकाळी सात वाजता वहिनी स्वयंपाकघरात गेली आणि प्रार्थना म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. मी फळीवर थाप मारून ओरडले, "कुणाला आळवतेस? दोघांना घेऊन गेला तो! अजून काय राहिलंय त्याच्या हवाली करायला?"

पलीकडून ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही राहिलात, वन्सं." आणि पुढची ओळ म्हणाली.

तिला त्या दहा मिनिटांतून काय मिळत होतं, ते मला कळत नव्हतं. गाढवाला गुळाची चव काय! पण दिसत होतं ते असं, की ती जेवत होती. थोडं, पण बसून. शिवत होती. दादाच्या चौकटीवर बसून त्याच्याच सुईने. रडायचीही, काम करता करता, नाक पुसून पुन्हा टाका घालायची. मी मात्र रात्रंदिवस धुमसत होते, घड्या वाकड्या येत होत्या, जेवण कडू लागत होतं. आणि कबूल करायला लाज वाटते, पण साडेसहा वाजले की माझं लक्ष घड्याळाकडे जायचं. मला देव नको होता. सातचा तो आवाज मात्र हवा होता.

दादाला वर्ष झालं. आमच्या गल्लीच्या टोकाला प्रार्थनाघर आहे, साधंच, बाकं आणि एक उंच खिडकी असलेलं. वहिनी सुट्टीच्या सकाळी तिथे जायची, संध्याकाळी कधीच नाही. सातला ती घरात असायची, हा नियम. पण माणूस जाऊन वर्ष झालं की संध्याकाळची प्रार्थना घरच्यांनी पुढे उभं राहून म्हणायची आणि बाकीच्यांनी सोबत करायची, अशी तिथली पद्धत. प्रार्थना चालवणारे मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, वहिनीला म्हणाले, "तुम्ही सुरू करा, आम्ही आहोतच." मीही गेले होते, शेवटच्या बाकावर, हाताची घडी घालून. दादासाठी गेले होते, देवासाठी नाही.

"जे राहिलं ते उद्याच्या हवाली, आमची माणसं तुझ्या हवाली," इथपर्यंत सगळे एका सुरात होते. मग वहिनी म्हणाली, "या ताटाभोवती," आणि उरलेले चाळीस लोक म्हणाले, "ती परत मागण्याचा हक्क आमचा नाही. दिलीस तोवर आमची होती, नेलीस तेव्हा तुझी झाली."

वहिनी थांबली. पुस्तकात बघितलं. पान उलटलं, परत मागे आणलं. लोकांनी प्रार्थना पुरी केली आणि ती तोंड मिटून उभी राहिली. मास्तरांना वाटलं, बाईंचा कंठ दाटला. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

खाई त्याला खवखवे. तीस वर्षांपूर्वीचा तो गठ्ठा, ते पूर्णविराम, ते धुसफुसणं, सगळं डोळ्यांपुढे आलं.

घरी येताना तिने मास्तरांकडून त्यांची प्रत मागून आणली. दोन्ही पुस्तकं शिलाईच्या टेबलावर उघडी ठेवली आणि पान पान लावून बघितलं. बाइंडरची बायको ती, तिला चूक समजायला पाच मिनिटंही लागली नाहीत. एक फर्मा पुढे गेला होता, एक मागे राहिला होता. संध्याकाळच्या प्रार्थनेचं अर्धं अंग पुढच्या फर्म्यात होतं, ते आमच्या पुस्तकात भलतीकडेच पडलं होतं. त्या जागी जेवणाआधीच्या प्रार्थनेचा शेवट येऊन चिकटला होता.

"म्हणजे मी तीस वर्षं अर्धीच म्हटली," ती म्हणाली.

"काय फरक पडतो?" मी म्हटलं. आवाज माझा मलाच खोटा वाटला.

"फरक पडतो. आमची माणसं तुझ्या हवाली, असं म्हणायचं आणि सोपवणं पुरं न करताच जेवायला उठायचं. रोज. अर्धवट सोपवलेली माणसं कोण सांभाळणार, वन्सं? ठेवली कुणी आणि घेतली कुणी?"

ती रडली नाही. ते जास्त वाईट होतं. दुसऱ्या दिवशी सात वाजले आणि फळ्यांच्या पलीकडे काही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी खळ ढवळत बसले. खळीच्या गुठळ्या झाल्या तरी ढवळत बसले. वहिनीने ताट पुढे ओढायचं, दोन घास उचलायचे आणि सरकवून द्यायचं, असं चालू झालं. शिवायला बसली तर टाका चुकायला लागला. नवरा गेला, पोर गेलं, तेव्हा जी उभी राहिली, ती आता खचत चालली होती, आणि ते माझ्या हातून झालं होतं. चूक दादाचीच, असं तिने धरून टाकलं होतं. ती म्हणायची, "यांना कधी वाचायची सवय नव्हती, शिवून टाकलं असेल घाईत."

मेलेल्या भावाच्या अंगावर माझी चूक! आठ दिवस मी ताकाला जाऊन भांडं लपवत राहिले. जुनं पुस्तक होतं, आकडे कापले गेले होते, कुणाच्याही हातून होऊ शकतं, असलं काहीबाही बोलत होते. नवव्या दिवशी मला ते सहन होईना. ती खिडकीपाशी बसली होती. मी समोर जाऊन उभी राहिले.

"दादाने नाही. फर्मे मी लावले होते. वाचून बघितलं नाही. तुझ्यासाठी निळं कापड आणलं म्हणून माझा जळफळाट झाला होता."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं होतं, ती हात धरून घराबाहेर काढेल. मी तयार होते. पण ती म्हणाली, "तीस वर्षं सांगितलं नाहीत?"

"मला त्या संध्याकाळी प्रार्थनाघरात कळलं. तुझ्याबरोबरच."

"मग आता नीट लावून द्या," ती म्हणाली आणि उठून आत गेली. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझ्या वाटणीची शिक्षा मी मुकाट्याने भोगली.

चौथ्या दिवशी मी पुस्तक उलगडायला घेतलं. निळं कापड विटलं होतं. पाठीवरची खळ ओल्या फडक्याने मऊ केली, दादाचा पुठ्ठा हळूच सोडवला. दोरा कापायची वेळ आली तेव्हा हात चालेना. तो दादाने ओवलेला दोरा होता. वहिनीने माझ्या हातातून चाकू घेतला आणि स्वतः कापला. मग सगळे फर्मे टेबलावर मांडले, आणि ते तसेच राहिले, कारण ती म्हणाली, "थांबा. आधी मला ती खरी पाठ करू दे."

ती मास्तरांच्या प्रतीतून खरी प्रार्थना म्हणायला लागली. रोज सातला. मी फळ्यांच्या अलीकडे कान लावून. "ती परत मागण्याचा हक्क आमचा नाही," इथवर यायची आणि गप्प व्हायची. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच. पाठांतरात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, गिऱ्हाइकांच्या वह्यांची मापंसुद्धा तोंडपाठ असायची. शब्द आठवत नव्हते असं नाही. ते तोंडातून निघत नव्हते. आणि त्यानंतर ताटही तसंच परत जायचं.

दोन आठवडे हे बघितल्यावर मी तिला हाक मारली. टेबलावर दोन फर्मे समोरासमोर ठेवले. "वहिनी, मी माझ्या मनाने एकदा क्रम लावला, आता नाही लावणार. तूच सांग. यातला आधी कुठला?"

तिने दोन्ही हातांत घेतले. खऱ्या क्रमातला फर्मा वाचला. मग दुसरा वाचला, मनातल्या मनात, ओठ हलवत. खुर्ची ओढून बसली. मीही बसले. बाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं, शटर वाजलं.

"मास्तरांचं आहे ते खरं असेल," ती शेवटी म्हणाली. "म्हणणारे म्हणू देत, त्यांना बळ मिळत असेल. पण वन्सं, मी तीस वर्षं त्याला सांगत आले, की जो आला नाही त्याचा वाटा राखून ठेव. ज्या दिवशी हे गेले त्या दिवशीही सांगितलं. पोर गेलं त्या दिवशीही. त्याने ऐकलं असेल तर दोघांचा वाटा त्याने झाकून ठेवलाय कुठेतरी. आता मी जाऊन त्याला म्हणू, की राहू दे, आमचा काही हक्क नाही?" तिने दोन्ही फर्मे खाली ठेवले. "शब्द कसा फिरवू मी?"

आणि तिने जेवणाच्या प्रार्थनेचा फर्मा उचलून पुन्हा त्या चुकीच्या जागी ठेवला. दोन्ही हातांनी कडा ठोकून सरळ केल्या, दादा करायचा तशा.

"असंच शिवायचं," ती म्हणाली. "पण या वेळी वाचून लावलंय म्हणावं."

मग ती रडली. मीही रडले. आम्ही दोघी टेबलाच्या दोन बाजूंना बसून ओरडून रडलो, दादासाठी, पोरासाठी, आणि मी माझ्या त्या जळक्या स्वभावासाठीही. रडून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "वन्सं, पानांवर पाणी पाडू नका, डाग जात नाहीत." पुस्तक तिने शिवलं, पुठ्ठा मी चढवला, कापड जुनंच ठेवलं. सातचा आवाज परत आला. ताटं रिकामी व्हायला लागली.

लाटसाहेबाला वर्ष झालं, तेव्हा पुन्हा प्रार्थनाघरात जायचं होतं. मी म्हटलं, "तिथे तेवढ्यापुरती त्यांचीच म्हण ना, लोक काय म्हणतील?" तिने पदर सारखा केला आणि निळं पुस्तक काखेत मारलं. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले, हाताची घडी घालून, सवयीने.

ती पुढे उभी राहिली. "दिवस संपला," सगळे तिच्यासोबत. "आमची माणसं तुझ्या हवाली," सगळे सोबत. मग लोक त्यांच्या वाटेने गेले, "ती परत मागण्याचा हक्क," आणि वहिनी तिच्या. "या ताटाभोवती बसलेल्यांना तू ओळखतोस." चाळीस आवाजांपुढे एक आवाज. मला तो जेमतेम ऐकू येत होता. पुढच्या बाकावरच्या दोन बायका वळून एकमेकींकडे बघायला लागल्या. वहिनीचा आवाज बुडत चालला होता.

जगात ही प्रार्थना अशी ठाऊक असणारी चार माणसं होती. त्यांतली दोन गेली होती. एक पुढे उभं होतं, आणि चौथं माणूस शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसलं होतं. तीस वर्षं, रोज सातला, खळ ढवळत.

मी कधी उठले ते मला कळलं नाही. "उठून गेलेल्यांनाही तू ओळखतोस," मी म्हटलं. एक शब्द अडला नाही. वहिनीने मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं, आणि तिचा आवाज वर आला. लोकांचं म्हणून झालं होतं. सगळं प्रार्थनाघर गप्प होतं, मास्तर चष्मा हातात धरून उभे होते, आणि त्या शांततेत आम्ही दोघी म्हणत होतो, ती त्या टोकाला, मी या टोकाला.

"जो आज आला नाही, त्याचा वाटा..."

शेवटचे दोन शब्द माझ्याकडून ओरडलेच गेले. बेंबीच्या देठापासून. आमच्या घरात ती ओळ कुणीतरी ओरडायचंच.

बाहेर आल्यावर वहिनीने माझा हात धरला. खूप वर्षांत धरला नव्हता. पायऱ्या उतरताना तिने तो सोडला नाही. मग म्हणाली, "चला वन्सं, आता जेवायला."